पोथीत नसलेला मुलूख

सगळ्यात आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला कधी कळलं नाही, आणि अक्षर तर असं की वाण्याला दिलेली चिठ्ठीसुद्धा मागून तोंडाने सांगावी लागते. माझं माहेर निफाडकडचं. तिथे चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि तिथवर मुलींना पाठवत नसत. पुढे हातात पेन्सिल कमी आणि खुरपं जास्त राहिलं. बोलायलाही मी मागेच असते. चार माणसांत असले की मागच्या कडेला जाऊन उभी राहते. म्हणून जे झालं ते मी आजवर कुणाला सलग सांगितलेलं नाही. लेकीच्या कॉलेजच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. कधी कुणाच्या हाती लागलं तर चुका सुधारून वाचून घ्यावं.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला आहे. झेंडू, शेवंती, निशिगंध आणि थोडा गुलाब. लग्न झाल्यापासून मी फुलांची पाटी घेऊन गंगेवर बसते. नाशकात गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. रामकुंडाच्या पायऱ्यांजवळ माझी जागा ठरलेली आहे. समोर दिवसभर गुरुजी लोक यात्रेकरूंची पूजा सांगत असतात. पूजा कोणतीही असो, आधी संकल्प असतो. हातात पाणी घ्यायचं आणि गुरुजींच्या मागून म्हणायचं, की अमक्या द्वीपात, भरतखंडात, दंडकारण्यात, गोदावरीच्या उत्तर तीरावर, अमक्या महिन्यात, अमक्या तिथीला, मी अमका हे करतो आहे. वर्षानुवर्षं ऐकून मला ते पाठ झालं होतं. अर्थ सगळा कळत नव्हता, पण मी मनात धरून बसले होते की हा पत्ता आहे. पाकिटावर जसं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहितात, तसा हा देवासाठी लिहिलेला पत्ता. तो नीट सांगितला म्हणजे मागणं बरोबर जागी पोहोचणार.

खरं सांगायचं तर मला याचा गर्वही होता. पोथीत प्रभू रामचंद्र आमच्या नदीवर येतात. सीतामाईची गुंफा आमच्या पंचवटीत आहे. परगावची बाई फुलं घ्यायला वाकली की मला वाटायचं, बिचारीच्या गावाचं नाव पोथीत नसणार. मी बोलायची काहीच नाही, पण मनात असं होतं. लिहिताना आज लाज वाटते.

हे झालं तेव्हा आधीचा कुंभमेळा होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. त्या दिवसांत नाशिकच्या आसपास गुलाबाची पॉलिहाऊसं उभी राहत होती. आमचे मालक गुलाबाला डोळा भरण्यात तरबेज. जंगली गुलाबाच्या काडीला चीर द्यायची, चांगल्या जातीचा डोळा त्यात बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. शंभर डोळे भरले तर त्यांचे नव्वदच्या वर फुटायचे. हे ऐकून एक माणूस मळ्यात आला आणि म्हणाला, आफ्रिकेत केनिया म्हणून देश आहे, तिथे फुलांच्या मोठमोठ्या बागा आहेत, तीन वर्षांसाठी चला. पगार इथल्या तिप्पट. दिंडोरीकडचे सुभाषभाऊ म्हणून एक ओळखीचे तिथे आधीच गेलेले होते.

सासूबाईंनी ऐकलं आणि सुपातले तांदूळ तसेच ठेवून बाहेर आल्या.

"समिंदर ओलांडून जायचं कशाला? इथं काय फुलं येत नाय का?"

"आई, पगार चांगला हाय. घराला स्लॅब पडंल."

"पगार हाय, पण देव हाय का तिथं? पोथीत त्या मुलखाचं नाव तरी ऐकलं का कधी? आपला देव गेला तो लंकेपत्तोर. तेबी बायको आणायला. आणली अन् लगेच माघारी आला."

मालक हसले. मी हसले नाही. मालकांचं मन डळमळीत होतं, ते रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत होते, हे मला माहीत होतं. आणि मी, जी कधी बोलत नाही, ती नेमकी त्या वेळी बोलले, "जाऊ द्या त्यांना, आत्याबाई. तीन वर्षं काय, बघता बघता जातील." माझ्या त्या एका वाक्यावर ते गेले. सासूबाईंनी एवढंच म्हटलं, "तू म्हणतीस तर जाऊ दे. पण तिथं काय झालं तर कोणाच्या दारात जायचं, ते पण तूच सांग."

हे बोलणं माझ्या मनात काट्यासारखं राहिलं.

मालकांची पत्रं यायची. बाग एका मोठ्या तळ्याच्या काठी आहे. तळ्यावर गुलाबी रंगाचे पक्षी हजारोंनी उतरतात. संध्याकाळी पाणघोडे काठावर चरायला येतात, तेव्हा बाहेर पडायचं नाही. मी पहिलं पत्र स्वतः लिहिलं. पत्ता इंग्रजीत होता, तो कागदावरून अक्षर न् अक्षर बघून काढला. दोन महिन्यांनी ते पत्र शिक्के खाऊन परत आलं. मी मधली एक ओळच गाळली होती. त्यानंतर पत्ता लेकीने, वैशालीने लिहायचा असं ठरलं. ती तेव्हा अकरावीत होती. परत आलेलं ते पाकीट मी कपाटात ठेवून दिलं. पत्ता चुकला की माणसापर्यंत काही पोहोचत नाही, हे मला त्या पाकिटाने पक्कं शिकवलं.

त्या श्रावणात देवळात पोथी लागली. मी दरवर्षी जायची आणि मागे खांबाला टेकून बसायची. पण त्या वर्षी माझं ऐकणं बदललं. एसटीच्या पाटीवर आपल्या गावचं नाव शोधावं, तशी मी पोथीत नाव शोधत होते. नदी आली की कान टवकारायचे. ती इथलीच निघायची. डोंगर आला, तोही इथलाच. अरण्य, क्षेत्र, नगरी, सगळं आपल्याच बाजूचं. महिनाभर ऐकलं. कुठल्याही ओळीत कुणी त्या तळ्यापर्यंत गेलं नाही. जग एवढं मोठं आहे, वैशालीच्या नकाशात आपला देश तर मुठीत मावतो, मग पोथीत एवढ्याच तुकड्याचं का? देवाला बाकीची जमीन माहीत नव्हती, की नको होती? आणि नको असलेल्या जमिनीवर माझा माणूस एकटा आहे. विचारावं असं फार वाटायचं. पण भर देवळात बाईने उठून असं विचारायचं म्हणजे काय, म्हणून गप्प राहिले. घरी सासूबाई निरांजन लावताना म्हणायच्या, "हिकडून हात जोडते बाबा, तिकडं किती पोचतं ते तुझं तुला ठावं." त्यांना टोमणा मारायचा नसायचा, तरी मला तो लागायचा.

वैशाखात, एका शनिवारी दुपारी, किराणा दुकानातून निरोप आला की परदेशातून फोन आहे. मी पदर सावरत धावले. फोनवर सुभाषभाऊ होते. आवाज तुटत होता.

"वहिनी, घाबरू नका. दादाला चार दिवसांपासून ताप आहे. आजच एका ड्रायव्हरकडून कळलं."

"तुम्ही जवळ आहात ना?"

"मला महिन्यापासून दुसऱ्या बागेत पाठवलंय. गाडीने सहा तासांचं अंतर आहे, आणि इथं धो धो पाऊस, रस्ता वाहून गेलाय. खोलीवर तो एकटाच आहे. मी प्रयत्न करतोय. तिकडचा ताप वाईट असतो वहिनी, डोक्यात जातो."

एवढं बोलणं झालं आणि फोन कट झाला. दुकानदाराने उलटा फोन लावून पाहिला, लागला नाही. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या देवापुढे जाऊन बसल्या आणि वैशालीला म्हणाल्या, "त्या गावाचं नाव काय गं?" वैशालीने सांगितलं. त्यांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, जिभेवर बसलं नाही. मग त्यांनी नुसतेच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पाटी घेऊन गंगेवर गेले, कारण घरात बसवत नव्हतं. फुलं मांडली, पण गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तरी मला दिसत नव्हतं. माझ्या शेजारी हिराबाई बसते, दूर्वा-बेल विकते. तिने माझ्याकडून सगळी हकिकत काढून घेतली आणि म्हणाली, "मग बसलीस काय अशी? गुरुजींना सांग, मालकाच्या नावानं संकल्प सोड."

"मी कशी सांगू? त्यांच्याशी मी कधी बोलले नाही."

"वीस वर्षं त्यांना फुलं देती अन् बोलली नाही! जा गं, खात नाय ते. दात तरी राह्यलेत का त्यांना?"

तिने मला ढकललंच. ते गुरुजी म्हातारे होते, तपकीर ओढायचे, रोज माझ्याकडून दोन निशिगंधाच्या काड्या घ्यायचे. मी समोर जाऊन पदराचं टोक पिळत उभी राहिले. त्यांनीच विचारलं, "काय गं बाई, आज पैसे द्यायचे राहिले का माझे?"

मग मला रडूच फुटलं. रडत रडत सांगितलं. त्यांनी मला पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "करू या संकल्प. यजमानांचं नाव, गोत्र सांग." ते मी सांगितलं. गुरुजी सुरुवात करणार तेवढ्यात मी त्यांना थांबवलं. तसं मी कुणाला कधी थांबवलं नव्हतं.

"गुरुजी, इथला पत्ता सांगू नका. ते इथं नाहीत. तिथला सांगा."

"तिथला म्हणजे?"

"ते ज्या मुलखात आहेत तो. इथला सांगितला तर देव इथंच येईल. ते तिकडं मरून जातील."

गुरुजींनी पळी ताम्हनात ठेवली. "बरं. तिथं नदी कोणती?"

"नदी ठाऊक नाही. तळं आहे."

"त्याचं नाव?"

मला आठवेना. गावाचं आणि तळ्याचं नाव एकच, काल सासूबाई घोकत होत्या तेच, आणि मला ते येईना. इंग्रजी अक्षरांत ते घरी पत्रावर होतं. पत्र एकदा पत्ता चुकून परत आलं, आता मागणंही परत येणार, असं वाटून मी डोकं गुडघ्यात घातलं. म्हणाले, "पोथीत त्या मुलखाचं नावच नाही, गुरुजी. मी सगळा श्रावण ऐकलं. तिथं देव जाईल कसा?"

ते हसले नाहीत. पळी पुन्हा उचलत म्हणाले, "बाई, तू याला पाकिटावरचं नाव-गाव समजलीस. तसं नाही ते. दारात उभा राहिलेला माणूस आधी ओळख देतो की नाही? मी अमका, अमक्या गावाहून आलो. तसं आहे हे. या दिवशी, या नदीच्या काठी ही बाई बसली आहे आणि तिचं हे मागणं आहे. जायचं कुठे ते त्याला सांगावं लागत नाही. आपण कुठून बोलतो आहोत तेवढं आपल्या तोंडून नीट यावं. हात पुढे कर."

मला ते पटलं नाही. वाटलं, म्हातारा माणूस समजूत काढतो आहे. पण हात पुढे केला. गुरुजींनी पाणी घातलं आणि रोजचाच संकल्प सांगितला, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा उत्तर तीर. मी मागून म्हटलं. वीस वर्षं जो दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला, तो पहिल्यांदा माझ्या तोंडून आला. पाणी सोडताना मी मनात एवढंच म्हटलं, मी इथे आहे. मला याहून पुढचं काही दिसत नाही. पुढचं तू बघ. दक्षिणा द्यायला गेले तर गुरुजी म्हणाले, "दोन काड्या दे निशिगंधाच्या. रोजच्यासारख्या." तेव्हा अकराचा सुमार होता, कारण ऊन पाटीवर आलं होतं आणि मी उठून फुलांवर ओलं फडकं टाकलं.

मंगळवारी फोन आला. सुभाषभाऊ पोहोचले होते. मालक दवाखान्यात होते, शुद्धीवर होते, ताप उतरत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आणखी एक दिवस खोलीवर राहिले असते तर हाती लागले नसते. "कुणी नेलं त्यांना?" मी विचारलं. सुभाषभाऊ म्हणाले, "इथलीच एक बाई. रूथ नाव तिचं. बागेत फुलांच्या जुड्या बांधते. दादाची तिची नुसती तोंडओळख." मी दुकानाच्या फळीला धरून उभी राहिले. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी देवापुढची वात वर सारली आणि मला म्हणाल्या, "जेवलीस का कालपासून?"

पुढचं सगळं मालकांकडून कळलं, ते चार महिन्यांनी परत आले तेव्हा. अंगावरचा सदरा दोन माणसांचा वाटावा असे वाळले होते. करार अर्धवट सुटला होता. बागेच्या कचेरीने दवाखान्याचा काही खर्च दिला आणि बाकीचा त्यांच्या राहिलेल्या पगारातून कापला, म्हणून हाती फारसं काही नव्हतं. ओट्यावर बसून ते आम्हाला सांगत होते आणि सासूबाई त्यांच्या पायाला तेल लावत होत्या.

रूथ दर रविवारी सकाळी तळ्याच्या काठच्या वाटेने तिच्या प्रार्थनेला जायची. त्या रविवारी पावसाने ती वाट पाण्याखाली गेली, म्हणून ती कामगारांच्या खोल्यांच्या मागून निघाली. एका खोलीतून मोठमोठ्याने ओरडणं ऐकू आलं. तिला वाटलं भांडण चाललं आहे. भाषा कळेना. आत डोकावली तर हा परदेशी माणूस तापात एकटाच ओरडत होता. मालकांना स्वतःला काही आठवत नाही, पण रूथने जे आवाज काढून दाखवले त्यावरून त्यांनी ओळखलं. ते गुलाबाचा भाव पुकारत होते. "दहाला जुडी, दहाला जुडी." हे ऐकून आम्ही सगळे हसलो आणि मग मालकच रडायला लागले.

रूथने फुलं नेणारी गाडी अडवली आणि बादल्यांच्या मधे यांना झोपवून दवाखान्यात नेलं. तिथे आधी पैसे भरा म्हणाले. रविवार म्हणून बागेची कचेरी बंद. आपल्याकडे बायकांची भिशी असते तशी त्यांचीही असते. त्या महिन्याची भिशी रूथला लागली होती आणि पैसे तिच्या कमरेला फडक्यात बांधलेले होते, कारण घराला धड कुलूप नव्हतं. सोमवारी ती पत्रे आणायला जाणार होती. तिचं घर गवताने शाकारलेलं, पावसात गळायचं. ते सगळे पैसे तिने दवाखान्याच्या खिडकीत ठेवले. पावती मालकांच्या नावाची फाडली, त्यामुळे रूथचे पैसे कुणाच्याच कागदावर आले नाहीत आणि तिला ते कुणी परत दिले नाहीत. तिने मागितलेही नाहीत.

"तिथं बाईमाणसाला मानानं मामा म्हणतात," मालक म्हणाले. "मी तिला मामा रूथ म्हणायचो."

"बाईला मामा?" सासूबाईंचा तेलाचा हात थांबला. "कसला गं बाई मुलूख!" मग पुन्हा तेल लावत म्हणाल्या, "तिला म्हणावं, नवरात्रात ये. ओटी भरते तुझी."

वैशालीने वहीत आकडेमोड करून सांगितलं की आपले अकरा वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, आणि रूथ प्रार्थनेला निघायची ती त्याच सुमाराला. मी त्यावर काही म्हणत नाही. मला त्यातलं काही सिद्ध करता यायचं नाही आणि करायचंही नाही. जे जसं झालं तसं लिहिलं.

पण त्याहून मोठी गोष्ट मालकांनी सहज बोलता बोलता सांगितली. दवाखान्यात रूथ संध्याकाळी यायची आणि खाटेजवळ बसून तिची जाड काळी पोथी वाचायची. मालकांनी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, यात काय आहे? तिने एका नदीचं सांगितलं, एका डोंगराचं, एका नगरीचं. मालकांना वाटलं जवळपास असेल. म्हणाले, बरा झालो की बघायला जाऊ. रूथ खूप हसली. म्हणाली, ती नदी फार लांब आहे, दुसऱ्या मुलखात, माझ्या पायांनी तिथे कधी जाणं व्हायचं नाही. मालकांनी विचारलं, मग तुझ्या देशाचं, या तळ्याचं नाव यात कुठे आहे? ती म्हणाली, मला तरी सापडलं नाही. वाईट नाही वाटत? त्यावर ती म्हणाली, वाचताना ती नदी मला आमच्या तळ्यासारखीच दिसते, दुसरं पाणी मी पाहिलंच कुठे आहे.

मालक पुढे पाणघोड्यांचं सांगायला लागले, पण माझं लक्ष तिथे राहिलं नाही. मला माझी आई आठवली.

माझी आई कळवणची. लग्न होऊन निफाडकडे आली आणि पुन्हा कळवणला फार तर पाच-सहा वेळा गेली असेल. पण तिच्या सगळ्या गोष्टी कळवणात घडायच्या. राजा असला तरी तो कळवणच्या बाजारातून निघायचा. राजवाडा कळवणच्या चावडीसारखा, फक्त तिप्पट मोठा. राक्षस गिरणेच्या डोहात राहायचा. मी एकदा विचारलं होतं, "आई, आपल्या गावात राजा नव्हता का गं?" ती म्हणाली होती, "असेल की. मला कळवणचा ठाऊक आहे, म्हणून त्याची सांगते." आणि मी ती गिरणा कधी पाहिलेली नसल्यामुळे ऐकताना मला आमच्या गावाजवळची नदीच दिसायची. राक्षस माझ्या नदीत राहायचा. मी तिकडे पाय टाकायला घाबरायची. आईने गोष्ट कळवणची सांगितली म्हणून ती माझी झाली नाही, असं कधी झालं नाही.

सांगणारा आपलं गाव घालतो आणि ऐकणारा आपलं गाव पाहतो. एवढं साधं होतं ते. देव कुठे कुठे राहतो त्याची यादी म्हणून मी पोथी ऐकत होते, आणि यादीत नाव नाही म्हणून भीत होते. पोथी सांगणारे ऋषीही कुठल्या तरी नदीकाठी बसले असतील. त्यांनी जे पाणी पाहिलं, ज्या झाडाखाली बसले, त्याची नावं घेतली. नावं घेतल्याशिवाय गोष्ट सांगता येत नाही. ती नावं म्हणजे कुंपण नव्हे. गुरुजी त्या दिवशी हेच सांगत होते, आपण कुठून बोलतो आहोत तेवढं तोंडून नीट यावं. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. रूथच्या पोथीत तिचं गाव नाही आणि माझ्या पोथीतही तिचं गाव नाही. दोन्ही पोथ्यांनी सोडलेल्या त्या जागी एक बाई चिखलातून चालत आली आणि माझ्या माणसाच्या उशाशी बसली. मला आता ही शंका उरलेली नाही. कुणी मोठ्या शिकलेल्या माणसाने उलट सांगितलं तरी माझं मन हलायचं नाही.

पुढच्या श्रावणात मी पुन्हा खांबाला टेकून बसले. नदी आली की मी त्या काठावर गुलाबी पक्षी उतरवायचे. फार छान दिसायचे.

रूथचे पैसे आपण द्यायचे, हे आमच्याकडे कुणाला बोलून ठरवावं लागलं नाही. मी पाटीतली रोजची थोडी कमाई वेगळ्या डब्यात टाकू लागले. स्लॅबचं नाव कुणी काढलं नाही. सासूबाईंना कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "आधी तिच्या घरावर पत्रे, मग आमच्या." सुभाषभाऊ वर्षातून एकदा सुटीवर यायचे, ते परत जाताना जमले असतील तेवढे घेऊन जायचे. पहिल्या वर्षी सासूबाईंनी त्यांच्याबरोबर खण आणि नारळ दिला. नारळ विमानात नेऊ देतात की नाही कुणास ठाऊक, पण सुभाषभाऊ म्हणाले पोहोचला. अशी चार-पाच वर्षं गेली. सासूबाई मधेच गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना त्या गावाचं नाव घेता येऊ लागलं होतं. नातेवाइकांना म्हणून दाखवायच्या.

मग पुढचा कुंभमेळा आला. गंगेवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि फुलं दुपारच्या आत संपत होती. त्या दोन महिन्यांत उरलेले सगळे पैसे जमले. पण तोवर सुभाषभाऊ केनिया सोडून कायमचे परत आले होते, आणि वैशाली लग्न होऊन मनमाडला गेली होती. मालकांनी बँकेत हेलपाटे घालून ड्राफ्ट काढला. रजिस्टर पाकीट आणलं. पत्ता कोण लिहिणार? मालक म्हणाले, "पोस्टात कुणाला तरी सांगू."

मी म्हटलं, "नको. मी लिहिते."

कपाटातून ते जुनं परत आलेलं पाकीट काढून समोर ठेवलं, कुठे चुकले होते ते दिसावं म्हणून. शेजारी सुभाषभाऊंनी येताना आणलेलं रूथचं पत्र ठेवलं, त्यावर तिचा पत्ता होता. एक दुपार गेली. अक्षरं वाकडी आली, काही मोठी, काही बारीक. पण एकही ओळ गाळली नाही. पाठवणाऱ्याच्या जागी आमचा मळा, मखमलाबाद, नाशिक, असं मराठीत लिहिलं. लिहिताना ओठांवर संकल्प आला. मग पाकीट घेऊन गंगेवर गेले. गुरुजी आता थकले होते, पण येऊन बसायचे. त्यांच्या ताम्हनाजवळ पाकीट क्षणभर टेकवलं. त्यांनी डोळे बारीक करून पत्ता पाहिला आणि विचारलं, "तळ्याचं नाव आठवलं का?" मी ते मोठ्याने सांगितलं. हिराबाईसुद्धा वळून बघायला लागली.

दीड महिन्याने पोस्टमन आला. त्याच्या हातात मळकट गुलाबी पोचपावती होती. तिच्यावर परदेशी शिक्का होता आणि खाली निळ्या शाईत रूथची सही, माझ्यासारखीच वाकडी. मी ती मालकांना दाखवली, सासूबाईंच्या फोटोला दाखवली आणि देव्हाऱ्यात पोथीच्या पानांत ठेवली. त्या दिवशी रूथचे पैसे पूर्ण फिटले.